बायआउटनंतरही रक्कम संघाच्या खात्यावरच राहते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या क्रीडा पानावर आपण एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधील बायआउटवर, म्हणजे संघ आणि खेळाडू यांनी तडजोडीने करार मोडण्यावर, अर्धा रकाना दिलात, त्याबद्दल आधी मनापासून आभार. क्रिकेटच्या गर्दीत बास्केटबॉलला एवढी जागा मिळते याचा आम्हा नागपूरकर बास्केटबॉलवेड्यांना खरोखर आनंद आहे. पण त्या टिपणातल्या दोन वाक्यांबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. फिनिक्स सन्स या संघाने ब्रॅडली बील या खेळाडूचा करार मोडून 'पगाराचे ओझे उतरवले', असे पहिले वाक्य. बील 'पैसे घेऊन निघून गेला', हे दुसरे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. आपले क्रीडा पान शिवाजीनगरच्या मैदानावरची पोरे वाचतात आणि तिथून हीच समजूत पुढे पसरते, म्हणून हे सविस्तर पत्र.

माझी उभी नोकरी सरकारी लेखा विभागात खतावण्या तपासण्यात गेली आणि उभे आयुष्य बास्केटबॉलच्या नादात. तरुणपणी शिवाजीनगरच्या कोर्टवर खेळले. नूतन भारत, धरमपेठ या संघांविरुद्धचे सामने पाहायला तेव्हा मैदानाच्या कडेला उभे राहायला जागा मिळत नसे. आता गुडघे साथ देत नाहीत, पण थंडीत सकाळी सहाला अमेरिकेतला सामना सुरू झाला की मी टीव्हीपुढे बसलेली असते. म्हणून खेळाची बाजू आणि हिशेबाची बाजू, दोन्हींवर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असे मानते.

गैरसमजाचे मूळ मला आयपीएलमध्ये दिसते. आपल्या वाचकाला पगाराची मर्यादा माहीत झाली ती आयपीएलच्या लिलावातून. तिथे २०२५ साली प्रत्येक संघाची थैली १२० कोटी रुपयांची होती. कोलकात्याने वेंकटेश अय्यरला २३ कोटी ७५ लाखांना घेतले आणि वर्षभराने सोडून दिले. सोडताक्षणी ते २३ कोटी ७५ लाख थैलीत परत आले आणि पुढच्या लिलावात संघ त्या पैशाने दुसरे खेळाडू घ्यायला मोकळा झाला. खेळाडू गेला की त्याचा पैसाही मोकळा होतो, हा हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलेला आहे. एनबीएचा हिशेब असा चालत नाही.

तिथले मोठे करार बहुतेक गॅरंटीड असतात, म्हणजे खेळाडू खेळो न खेळो, ठरलेला पगार द्यावाच लागतो. संघाने खेळाडूला काढले, म्हणजे 'वेव्ह' केले, तर ४८ तास इतर संघांना त्याला आहे त्या करारासह उचलण्याची मुभा असते. कोणी उचलले, तर सगळा भार त्या नव्या संघाकडे जातो. पण पाच-पाच कोटी डॉलरचा पगार उचलायला कोण पुढे येणार? कोणी आले नाही, की खेळाडू कुठेही खेळायला मोकळा होतो आणि त्याचा उरलेला पगार जुन्या संघाच्या सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे एकूण पगारांच्या मर्यादेत, तसाच मोजला जातो. बायआउट म्हणजे काढण्याआधी दोघांनी केलेली तडजोड. खेळाडू म्हणतो, एवढी रक्कम मी सोडतो, मला मोकळे करा. तो जेवढी सोडतो तेवढाच कॅपवरचा भार कमी होतो. बाकीची रक्कम संघाच्या पुस्तकात राहते. गाडी विकून टाकली आणि कर्जाचे हप्ते मात्र आपल्याच पगारातून कटत राहिले, अशी ती अवस्था असते.

यात लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या सामूहिक करारापासून 'स्ट्रेच'ची तरतूद आली. खेळाडूला ३१ ऑगस्टपर्यंत काढले, तर कराराची जितकी वर्षे उरली असतील त्यांची दुप्पट अधिक एक, इतक्या वर्षांवर ती रक्कम समान पसरवता येते. दोन वर्षे उरली असतील तर पाच, तीन असतील तर सात. या वर्षीचा भार हलका होतो हे खरे, पण तो पुढच्या वर्षांच्या डोक्यावर चढतो. आम्ही लेखापरीक्षणात अशा नोंदी पाहिल्या की पहिला प्रश्न विचारत असू: हे दायित्व कोणत्या वर्षापर्यंत पुढे ओढले आहे? क्रीडा पानावरच्या बातमीलाही मला हाच प्रश्न विचारायचा आहे.

आता बीलचा हिशेब घेऊ. मूळ करार वॉशिंग्टनचा, २०२२ मधला: पाच वर्षे, २५ कोटी १० लाख डॉलर, आणि वर खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे देता येणार नाही असे कलम. २०२३ मध्ये तो फिनिक्सला गेला तेव्हा ते कलमही त्याच्यासोबत गेले. जुलै २०२५ मध्ये कराराची दोन वर्षे आणि सुमारे ११ कोटी ८ लाख डॉलर उरले होते. बीलने त्यातले १ कोटी ३९ लाख सोडले. उरलेले ९ कोटी ६९ लाख पाच वर्षांवर पसरवले, दरवर्षी १ कोटी ९४ लाखांच्या आसपास. म्हणजे २०२९-३० च्या मोसमापर्यंत फिनिक्सच्या कॅपमध्ये बीलचे नाव राहणार, तो त्यांच्यासाठी एक मिनिटही कोर्टवर उतरणार नसताना.

त्याने नेमके १ कोटी ३९ लाखच का सोडले, हा भाग मला सगळ्यात रंजक वाटला आणि आपल्या टिपणात तोच राहून गेला. नियम असा आहे की स्ट्रेच केलेल्या खेळाडूंचा एकूण भार कोणत्याही मोसमात, खेळाडूला काढले त्या वर्षीच्या कॅपच्या १५ टक्क्यांहून जास्त होता कामा नये. २०२५-२६ ची कॅप १५ कोटी ४६ लाख ४७ हजार डॉलर. तिचे १५ टक्के म्हणजे २ कोटी ३२ लाख. बीलने काहीच सोडले नसते तर त्याचा वार्षिक हप्ता २ कोटी २२ लाखांच्या घरात गेला असता. पण फिनिक्सच्या पुस्तकात नासिर लिटल आणि ई. जे. लिडेल या आधी काढलेल्या दोघांचे मिळून सुमारे ३८ लाख आधीच बसले होते. बेरीज २ कोटी ६० लाख, मर्यादेच्या २८ लाख वर. हे २८ लाख पाच वर्षांनी गुणा: १ कोटी ४० लाख. बीलने सोडलेली रक्कम जवळपास तेवढीच आहे. आधीच्या वर्षी काढलेल्या दोन लहान खेळाडूंच्या नोंदींनी या मोठ्या तडजोडीचा आकडा ठरवून टाकला. कागद पेन्सिल घेऊन हे मांडले तेव्हा मला जुन्या नोकरीतला आनंद झाला, खरे सांगते.

मग फिनिक्सला मिळाले काय? पुष्कळ मिळाले, ते मी नाकारत नाही. २०२४-२५ मध्ये सर्वाधिक लक्झरी टॅक्स, म्हणजे ठरावीक रेषेपलीकडच्या पगारांवरचा दंड, भरणारा संघ तोच होता, आणि तरी ३६ विजय, ४६ पराभव आणि प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, बाहेर. तो 'दुसऱ्या एप्रन'च्या, म्हणजे एकूण पगारखर्चाच्या सगळ्यात वरच्या रेषेच्या, वर अडकला होता. ही रेषा २०२५-२६ साठी २० कोटी ७८ लाखांवर आहे. तिच्या वरच्या संघाला अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडता येत नाहीत, रोख रक्कम देता येत नाही, आणि नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली (ड्राफ्ट) सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड गोठवली जाते, म्हणजे ती दुसऱ्या संघाला देता येत नाही. त्याच उन्हाळ्यात केव्हिन ड्युरांट ह्यूस्टनला गेला आणि बीलचा २०२५-२६ चा भार ५ कोटी ३७ लाखांवरून १ कोटी ९४ लाखांवर आला, तेव्हा फिनिक्सचे हात सुटले. त्या मोसमाचे संकट टळले, आणि त्याची किंमत २०३० पर्यंत वाटून घेतली. यालाच आपल्या टिपणात 'ओझे उतरवले' म्हटले आहे.

मिलवॉकी बक्सचे उदाहरण याहून मोठे. डेमियन लिलार्डची टाच एप्रिल २०२५ मध्ये इंडियानाविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेत दुखावली. अकिलिसचा स्नायुबंध फाटला. जुलैमध्ये संघाने त्याला काढले आणि दोन वर्षांचे सुमारे ११ कोटी २५ लाख डॉलर पाच वर्षांवर पसरवले, दरवर्षी सव्वादोन कोटी. लक्षात घ्या, हा बायआउट नव्हता. लिलार्डने एक डॉलरही सोडला नाही आणि सोडायचे कारणही नव्हते, कारण सव्वादोन कोटी १५ टक्क्यांच्या आत बसत होते. २०२५-२६ चे ५ कोटी ४१ लाख सव्वादोन कोटींवर आल्याने जी जागा झाली, तिथे त्यांनी इंडियानाच्याच माइल्स टर्नरला चार वर्षांसाठी दहा कोटींहून अधिक डॉलर देऊन आणले. लिलार्ड आपल्या जुन्या पोर्टलंडला परतला, तीन वर्षे आणि ४ कोटी २० लाखांवर. टर्नरच्या कराराची चार वर्षे संपतील तेव्हाही लिलार्डचा एक हप्ता बाकी असेल.

कोर्टवर एका मुलाने मला विचारले होते, "काकू, लिलार्डला काढलं तर बक्सचे पैसे वाचले न?" मी त्याला हेच सगळे जमिनीवर खडूने लिहून दाखवले. त्याचा पुढचा प्रश्न माझ्या कितीतरी सहकाऱ्यांच्या प्रश्नांपेक्षा चांगला होता: "मग ते पैसे कोणाचे कमी झाले?"

या प्रश्नाचे उत्तर एनबीएच्या नियमांतच आहे. लीगच्या बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नातला ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा, असे सामूहिक करारात ठरलेले आहे. त्यामुळे एकूण खेळाडूवर्गाचे नुकसान होत नाही, मालकाचीही फारशी बचत होत नाही. नुकसान होते ते संघातल्या जागेचे, आणि ती जागा मधल्या फळीतल्या खेळाडूची असते. तारांकित खेळाडूला त्याचा पगार मिळतोच. किमान वेतनावरचा नवखाही मिळतो, कारण कॅप ओलांडलेल्या संघालाही किमान वेतनावर माणूस घेता येतो. अडतो तो दहा-बारा वर्षे घाम गाळून सातवा-आठवा माणूस झालेला खेळाडू. त्याच्यासाठी मिड-लेव्हल नावाची, कॅप ओलांडूनही ठरावीक रकमेपर्यंत करार करू देणारी सवलत आहे, २०२५-२६ साठी सुमारे १ कोटी ४१ लाख डॉलर. फिनिक्सच्या पुस्तकातला बीलचा भार या पूर्ण सवलतीपेक्षाही मोठा आहे. अनुभवी खेळाडूच्या किमान वेतनाचा कॅपवरचा भार २३ लाखांच्या आसपास धरला, तर त्या रकमेत आठ खेळाडू येतात. पंधरा जणांच्या संघात आठ! संघ एप्रनच्या रेषेला टेकलेला असतो तेव्हा या एकेका जागेसाठी भांडण असते. मला या मधल्या फळीची फार काळजी वाटते, कारण सामने तीच तोलून धरते आणि बातमीत तिचे नाव कधी येत नाही.

जुनी पुस्तके उघडली तर हे अजून स्पष्ट दिसते. ब्रुकलिनने २०१५ मध्ये डेरॉन विल्यम्सशी बायआउट केला. ४ कोटी ३० लाखांहून अधिक देणे होते, ते २ कोटी ७५ लाखांवर तुटले आणि पाच वर्षांवर पसरले, वर्षाला ५५ लाख. विल्यम्स डॅलसला गेला, तिथून क्लीव्हलंडला, २०१७ च्या अंतिम मालिकेत खेळला आणि त्याची एनबीए कारकीर्द तिथेच संपली. ब्रुकलिनच्या कॅपमध्ये मात्र तो २०१९-२० पर्यंत होता. डेट्रॉइटने डिसेंबर २०१४ मध्ये जॉश स्मिथला काढले तेव्हा संघ ५ विजय, २३ पराभव अशा स्थितीत होता. त्याच्यानंतर ओळीने सात सामने जिंकले आणि सगळ्यांनी वाहवा केली. ती वाहवा महिन्याभरात विरली. वर्षाला ५४ लाखांचा हप्ता पुढे पाच मोसम चालला. त्याच डेट्रॉइटने मार्च २०२१ मध्ये ब्लेक ग्रिफिनला बायआउट दिला. त्याने १ कोटी ३३ लाख सोडले, तरी २०२१-२२ मध्ये जवळपास २ कोटी ९८ लाख त्यांच्या पुस्तकात राहिले. त्या वर्षीची कॅप होती ११ कोटी २४ लाख. चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम अशा माणसाच्या नावावर, जो ब्रुकलिनच्या जर्सीत खेळत होता.

याला अपवादही आहे आणि तो सांगायला हवा. लेकर्सनी लुओल डेंगला २०१८ मध्ये काढले, त्याचा सुमारे ५० लाखांचा वार्षिक हप्ता २०२१-२२ पर्यंत चालू होता, आणि तो चालू असतानाच त्यांनी २०२० चे विजेतेपद मिळवले. म्हणजे हप्ता छोटा असेल तर संघ तो पचवतो. म्हणूनच १५ टक्क्यांची मर्यादा मला सैल वाटते. ५० लाख कुठे आणि सव्वादोन कोटी कुठे. ती १० टक्क्यांवर आणली तर व्यवस्थापनाला करार करतानाच चार वेळा विचार करावा लागेल, आणि उद्याच्या संघाच्या तोंडचा घास आजच्या चुकीसाठी काढला जाणार नाही.

आता दुसऱ्या वाक्याबद्दल. बील 'पैसे घेऊन निघून गेला' हे वाचून मला वाईट वाटले. करार त्याने एकट्याने केला नव्हता. एका संघाने लिहून दिला, दुसऱ्याने डोळे उघडे ठेवून स्वीकारला. ठरलेल्या पगारातले १ कोटी ३९ लाख डॉलर त्याने स्वतःहून सोडले आणि क्लिपर्स या संघाकडे दोन वर्षांसाठी सुमारे १ कोटी १० लाखांवर खेळायला गेला. असा करार पूर्ण होईपर्यंत बाकावर बसून सगळा पगार घेण्याचा त्याला हक्क होता. गॅरंटीड करार तिथल्या खेळाडूंना कोणी खैरात म्हणून दिलेले नाहीत. त्यांच्या संघटनेने वाटाघाटी करून, टाळेबंद्या सोसून ते मिळवले आहेत. १९८४-८५ मध्ये कॅप सुरू झाली तेव्हा ती अवघी ३६ लाख डॉलर होती. तिथपासून आजपर्यंत दर करारात त्या संघटनेने आपला वाटा राखला आहे.

हे मी आग्रहाने सांगते, कारण आमच्या मैदानावरच्या मुलींना गॅरंटी म्हणजे काय ते फार चांगले कळते. इथे चांगली खेळणारी मुलगी रेल्वेच्या नोकरीकडे डोळे लावून असते. खेळाडूंच्या कोट्यातून एकदा लागली की घर उभे राहते. गुडघा गेला तरी नोकरी जात नाही. त्या नोकरीकडे कोणी 'फुकटचा पगार' म्हणून पाहिले तर आम्ही खपवून घेत नाही. मग जखमी लिलार्डला किंवा नकोसा झालेल्या बीलला त्याचा ठरलेला पगार मिळाला, तर तो पळाला असे आपण का लिहावे? आपल्या देशात उद्या व्यावसायिक बास्केटबॉल लीग रुजली आणि आमच्या पोरांच्या हातात करार पडले, तर त्यात दुखापतीनंतर किती पगार मिळणार आणि करार मध्येच तुटला तर काय, ही कलमे त्यांनी आधी वाचावीत अशी माझी इच्छा आहे. ती सवय बातम्या वाचूनच लागते.

एका नियमाचे मात्र मी मोकळेपणाने कौतुक करते. पूर्वी फेब्रुवारी उजाडला की बायआउट घेतलेले मोठमोठे खेळाडू किमान वेतनावर थेट श्रीमंत, बलाढ्य संघाकडे जात, आणि लहान शहरातल्या संघाने त्यांचा पगार भरत राहायचे. २०२३ च्या करारापासून पहिल्या एप्रनच्या (दुसऱ्या एप्रनखालची रेषा) वरचा संघ मोसम सुरू असताना काढलेल्या अशा खेळाडूला घेऊ शकत नाही, ज्याचा काढण्याआधीचा पगार पूर्ण मिड-लेव्हल सवलतीपेक्षा जास्त होता. हे न्यायाचे झाले. नव्या संघाकडून प्लेऑफ खेळायचे असेल तर १ मार्चपर्यंत जुन्या संघाने काढलेले असावे लागते, हा नियम आधीपासून आहेच; त्यामुळेच फेब्रुवारीच्या शेवटी या बातम्यांचा पूर येतो.

आपल्याला विनंती एवढीच. पुढच्या वेळी अशी बातमी देताना तीन आकडे जरूर द्या: करारात किती देणे उरले होते, खेळाडूने किती सोडले, आणि उरलेले कोणत्या मोसमापर्यंत कॅपमध्ये मोजले जाणार. चौथा आकडा जागा असेल तर द्या, त्या वर्षीच्या कॅपच्या तो किती टक्के. यासाठी चार ओळी पुरतात. आणि बायआउट व स्ट्रेच यांत गल्लत होऊ देऊ नका. लिलार्डला आपण बायआउटच्या यादीत टाकले आहे, ते दुरुस्त करावे. आपल्या क्रीडा विभागातल्या तरुण पत्रकारांना हवे असेल तर मी माझी टिपणवही घेऊन कार्यालयात यायला तयार आहे. संध्याकाळी पाचनंतर मी शिवाजीनगरच्या कोर्टवर असते, त्याआधी कधीही चालेल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त लेखाधिकारी,
लक्ष्मीनगर, नागपूर